पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर करताना मीटर ७.० का दाखवतो

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला मी एक अख्खी दुपार पीएच मीटरशी भांडण्यात घालवलीये. करायचा होता साधा फॉस्फेट बफर (बफर म्हणजे थोडं अ‍ॅसिड किंवा बेस पडलं तरी पीएच फारसा हलू न देणारं सोल्युशन), ०.१ मोलर, पीएच ७.४, गणित वहीत दोनदा तपासलेलं, वजनं बरोबर, आणि मीटर काही केल्या ७.० च्या वर जायला तयार नाही. कॅलिब्रेशन तीनदा केलं, कॅलिब्रेशनचे बफर पण नवीन केले, शेवटी इलेक्ट्रोड मेलाय असं जाहीर करून चहाला जायच्या तयारीत होते तेवढ्यात लॅबमधल्या सीनियर ताईने माझी वही ओढली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाली, अगं मीटर बरोबर आहे, तुझा पीकेए चुकलाय. पीकेए म्हणजे ज्या पीएचला अ‍ॅसिडची दोन्ही रूपं, प्रोटॉन धरलेलं आणि प्रोटॉन सोडलेलं, निम्मी निम्मी असतात तो आकडा. मला वाटलं चेष्टा करतेय. पुस्तकात ७.२० लिहिलंय की! तर ती म्हणाली पुस्तकातला पाण्याचा आहे, तुझ्या बीकरमधला नाही. हे नीट कळायला मला अजून काही महिने लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून लिहितेय.

आधी बफर कुठला घ्यायचा ते ठरवा. नियम साधा आहे, ज्याचा पीकेए तुम्हाला हव्या असलेल्या पीएचच्या जवळ तो घ्यायचा, जास्तीत जास्त एक युनिट इकडे तिकडे. ५ च्या आसपास हवा असेल तर अ‍ॅसिटेट (४.७६), ७ च्या आसपास फॉस्फेट, ८ ला ट्रिस (२५ डिग्रीला साधारण ८.१), साडेसातला हेपेस पण चालतो फक्त तो महाग पडतो, आणि १० च्या वर कार्बोनेट. एक युनिटपेक्षा लांब गेलात तर दोन रूपांपैकी एक रूप दहा टक्क्यांच्याही खाली उरतं आणि मग तो नावालाच बफर. लॅबमध्ये ट्रिसची बाटली समोर दिसते म्हणून ६.५ चा ट्रिस बफर करणारे लोक मी बघितलेत, मीटर ६.५ दाखवतोच हो, पण त्यात एक थेंब अ‍ॅसिड पडलं की संपलं.

आता गणित. हेंडरसन हॅसलबाल्कचं समीकरण बारावीपासून पाठ असतं, पीएच म्हणजे पीकेए अधिक लॉग ऑफ बेस भागिले अ‍ॅसिड. दोघांच्याही डोक्यात रक्तातलं बायकार्बोनेट होतं, आपण ते बीकरला लावतो. फॉस्फेटसाठी अ‍ॅसिड रूप म्हणजे सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ज्याला सगळे मोनोबेसिक म्हणतात, आणि बेस रूप म्हणजे डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे डायबेसिक. पीकेए ७.२० धरला तर ७.४ साठी लॉग ०.२ येतो, म्हणजे गुणोत्तर १.५८, म्हणजे शंभरात ६१ भाग डायबेसिक आणि ३९ भाग मोनोबेसिक. हेच मी केलं होतं. आणि गंमत बघा, लॅबमध्ये भिंतीवर चिकटवलेला किंवा प्रॅक्टिकलच्या पुस्तकाच्या शेवटी असलेला सोरेनसेनचा फॉस्फेट तक्ता काढा, त्यात ६१ ला ३९ समोर पीएच लिहिलाय ७.०. आणि ७.४ समोर लिहिलंय ८१ ला १९! म्हणजे माझ्या मीटरने अगदी खरं सांगितलं होतं.

असं का होतं? ७.२० हा आकडा अतिशय पातळ सोल्युशनचा आहे, जिथे एका आयनला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. ०.१ मोलरमध्ये गर्दी असते. डायबेसिक फॉस्फेटवर दोन ऋण चार्ज असतात, आजूबाजूला सोडियमची धन आयनं घोळका करून असतात, त्यामुळे ते दोन चार्जवालं रूप जास्त सुखात राहतं आणि प्रोटॉन सोडणं सोपं होतं. प्रोटॉन सहज सुटतो म्हणजेच पीकेए खाली येतो. तक्त्यातल्या आकड्यांवरून उलटं काढून बघा, ८१ भागिले १९ म्हणजे ४.२६, त्याचा लॉग ०.६३, ७.४ मधून वजा केला तर ६.७७. म्हणजे ०.१ मोलरला फॉस्फेटचा चालू पीकेए ६.८ च्या आसपास, ७.२ नाही. वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा हा आकडा.

याचा दुसरा अर्थ असा की बफर पातळ केला की पीएच हलतो, फॉस्फेटचा वर जातो. १० एक्स पीबीएस, म्हणजे मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरचा दहापट घट्ट स्टॉक, करणाऱ्यांना हे रोज दिसतं, स्टॉकचा पीएच ६.८ च्या आसपास दिसतो आणि दहापट पातळ केला की ७.४ ला येतो. ज्याला हे माहीत नाही तो १० एक्सलाच सोडियम हायड्रॉक्साइड घालून ७.४ करून ठेवतो आणि मग पातळ केल्यावर पीएच एवढा वर का म्हणून डोकं धरून बसतो. म्हणून ज्या कॉन्सन्ट्रेशनला वापरणार त्याच्या जवळपास पीएच बघायचा.

चला आता खरं करू. ५०० मिली, ०.१ मोलर, पीएच ७.४, २५ डिग्रीला. मी दोन स्टॉकची पद्धत सांगते कारण त्यात बाहेरून अ‍ॅसिड बेस घालावं लागत नाही आणि जास्तीचं मीठ साचत नाही.

दोन्ही स्टॉक ०.२ मोलर, प्रत्येकी ५०० मिली. ०.२ मोलरचे ५०० मिली म्हणजे ०.१ मोल, म्हणजे बाटलीवरच्या मॉलिक्युलर वेटला दहाने भागलं की ग्रॅम मिळाले, कॅल्क्युलेटर पण नको. पण थांबा, बाटली नीट वाचा. मापात पाप होतं ते इथेच. डायबेसिक फॉस्फेट चार प्रकारचं मिळतं, अ‍ॅनहायड्रस १४१.९६, डायहायड्रेट १७७.९९, हेप्टाहायड्रेट २६८.०७ आणि डोडेकाहायड्रेट ३५८.१४, आणि चारही पांढरेच दिसतात. मोनोबेसिक अ‍ॅनहायड्रस ११९.९८, मोनोहायड्रेट १३७.९९, डायहायड्रेट १५६.०१. समजा कुठल्यातरी जुन्या प्रोटोकॉलमध्ये १४.२ ग्रॅम लिहिलंय म्हणून तुम्ही १४.२ मोजलं आणि बाटली निघाली डोडेकाहायड्रेटची, तर तुमच्या स्टॉकमध्ये फॉस्फेट फक्त ४० टक्के आहे. म्हणून प्रोटोकॉलमधले ग्रॅम कधीच डोळे झाकून घ्यायचे नाहीत, मोलॅरिटी घ्यायची आणि ग्रॅम आपल्या बाटलीवरून काढायचे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये दोन्ही डायहायड्रेट असतात, ते धरून चालते: मोनोबेसिक १५.६ ग्रॅम, डायबेसिक १७.८ ग्रॅम.

विरघळवताना ४०० मिली डिस्टिल्ड वॉटर बीकरमध्ये घ्या, मॅग्नेटिक स्टिररवर फिरत ठेवा आणि पावडर वरून थोडी थोडी भुरभुरत टाका. पावडर आधी आणि पाणी नंतर केलं तर डायबेसिकचा, विशेषतः अ‍ॅनहायड्रसचा, तळाशी दगड होतो आणि मग तो काचेच्या रॉडने फोडत बसा. पाणी जरा कोमट घेतलं तर लवकर विरघळतं, पण मग रूम टेंपरेचरला आल्याशिवाय ५०० चा मार्क गाठायचा नाही. बीकरवर ज्या रेघा असतात ना त्या शोभेच्या समजा, व्हॉल्युम सिलिंडरमध्ये नाहीतर व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये करायचं. डिस्टिल्ड वॉटरचा पीएच मोजला आणि साडेपाच आला म्हणून घाबरून जाऊ नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तसा होतो, पाण्यात दम नसतो, बफरपुढे तो टिकत नाही.

आता मीटर. कॅलिब्रेशन त्याच दिवशी करायचं, काल कोणीतरी केलं होतं हे चालत नाही. आपल्याकडे ४, ७ आणि ९.२ च्या गोळ्या मिळतात, त्या बहुतेक एक गोळी १०० मिली पाण्यात अशा करायच्या असतात, पाकिटावर बघून घ्या. ७.४ मोजायचाय तर ७ आणि ९.२ घ्या म्हणजे आपला पीएच दोघांच्या मध्ये येतो, ४ आणि ७ वर कॅलिब्रेट करून ७.४ मोजणं म्हणजे पुण्यापासून मुंबईपर्यंत रस्ता तपासून साताऱ्याला निघण्यासारखं आहे. ९.२ चा बफर उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन खाली येतो, तो ताजाच लागतो. आणि वापरलेला परत बाटलीत ओतू नका, कृपा करा, हे प्रत्येक लॅबमध्ये कोणीतरी करतंच. मीटरने स्लोप दाखवला तर ९५ ते १०२ टक्के ठीक समजा, आदर्श इलेक्ट्रोड २५ डिग्रीला एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो.

इलेक्ट्रोड वॉश बॉटलने धुवायचा आणि टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही, घासला की चार्ज साचतो आणि आकडा नाचत बसतो. भरायचं भोक असलेला इलेक्ट्रोड असेल तर मोजताना त्याचं रबरी झाकण उघडा. काम झालं की ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही! पाण्यात ठेवला की आतलं मीठ बाहेर झिरपतं आणि बल्ब हळूहळू आळशी होतो. स्टिररचा बीड बल्बवर आपटणार नाही एवढा वर धरायचा, एका इलेक्ट्रोडची किंमत कळली की हे आपोआप लक्षात राहतं.

मिक्सिंग. तक्त्याप्रमाणे ५०० मिली साठी मोनोबेसिक ४७.५ मिली आणि डायबेसिक २०२.५ मिली, मिळून २५० आणि उरलेलं पाणी. पण सगळं एकदम ओतू नका. बीकरमध्ये डायबेसिक २०० मिली घ्या, मोनोबेसिक ४५ मिली, वर २२० मिली पाणी, म्हणजे ४६५ च्या आसपास झालं, मार्कपासून थोडं खाली. स्टिरर चालू, इलेक्ट्रोड आत, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, खरंच थांबा, अर्धा एक मिनिट लागतं. पीएच वर असेल तर मोनोबेसिक थोडा थोडा, खाली असेल तर डायबेसिक. पाव पाव मिली घालायचं आणि प्रत्येक वेळी थांबायचं. ७.४० ला आला की सिलिंडरमध्ये ओतून ५०० चा मार्क, परत एकदा मोजायचं, शेवटच्या ३०-३५ मिली पाण्याने सहसा दुसऱ्या दशांश स्थानापलीकडे काही हलत नाही. दोन तीन मिली स्टॉक इकडे तिकडे झाल्याने मोलॅरिटी एखाद टक्का बदलते, त्याने कोणाचं एन्झाइम रुसत नाही. पण ७.४ आणायला दहा बारा मिली जास्त घालावे लागले तर मात्र थांबा, काहीतरी मूळातच चुकलंय, बहुतेक हायड्रेट.

बरं स्टॉक नाहीत आणि फक्त मोनोबेसिक आहे, तरी होतं. ०.०५ मोल म्हणजे ७.८ ग्रॅम मोनोबेसिक डायहायड्रेट ४०० मिली पाण्यात आणि सोडियम हायड्रॉक्साइडने चढवत ७.४ ला न्यायचं, मग ५०० करायचं. इथे फॉस्फेट वजनाने ठरलेलं असतं म्हणून मोलॅरिटी पक्की राहते. फक्त ओव्हरशूट झालं तर पंचाईत. आमटी खारट झाली की बटाटा टाकून भागतं, इथे ७.६ वर गेलं म्हणून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकलं तर पीएच येतो पण वर सोडियम क्लोराइड उरतं, आणि दोनचार वेळा असं वर खाली केलं तर तुमच्या बफरमध्ये किती मीठ आहे ते तुम्हालाही सांगता येणार नाही. त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइड सुरुवातीला ५ मोलर, आणि टार्गेटच्या अर्ध्या युनिटवर आलात की १ मोलर नाहीतर अजून पातळ. त्याचे पेलेट विरघळताना सोल्युशन सणसणीत तापतं, गॉगल आणि ग्लोव्हज घाला.

०.१ मोलरच का, १० मिलिमोलर का नाही, असं व्हायव्हात विचारतात. आपलाच बफर घ्या, १०० मिली, म्हणजे त्यात डायबेसिक ८.१ मिलिमोल आणि मोनोबेसिक १.९. त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड १ मिली घातलं, म्हणजे १ मिलिमोल. डायबेसिक ७.१, मोनोबेसिक २.९, पीएच येतो ७.१६ च्या आसपास. साध्या पाण्यात तेच १ मिली घातलं तर पीएच २. आणि १० मिलिमोलर बफरमध्ये घातलं तर डायबेसिक मुळात ०.८१ मिलिमोलच आहे, ते सगळं संपून पीएच ३ च्या आसपास आपटतो. उलट बाजूने १ मिलिमोल बेस घातला तर आपला ०.१ मोलरवाला ७.७८ पर्यंत चढतो, म्हणजे अ‍ॅसिडने ०.२४ उतरला आणि बेसने ०.३८ चढला, कारण ७.४ ला मोनोबेसिक मुळातच कमी उरलंय. तुमच्या रिअ‍ॅक्शनमध्ये बेस तयार होत असेल तर हे ध्यानात घ्या.

ट्रिसबद्दल वेगळं बोलावं लागेल कारण त्याचे नखरे वेगळे आहेत. १ मोलर, १ लिटर, पीएच ८.० साठी १२१.१ ग्रॅम ट्रिस बेस ८०० मिली पाण्यात. विरघळताना बीकर हाताला गार लागतो, मग कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं की तापतो (फ्यूम हूडमध्ये, वाफा नाकात गेल्या की आठवण राहते). ८.० साठी साधारण ४२ मिली लागतं, ७.४ साठी ७० च्या आसपास. आता मुद्दा असा की ट्रिसचा पीएच दर डिग्रीला ०.०२८ ने हलतो, गार केलं की वर, तापवलं की खाली. फॉस्फेटचा याच्या दहावा हिस्सा हलतो. म्हणून गरम बीकरमध्ये ८.० करून घरी गेलात तर सकाळी तो ८.० नसतो. आणि गरम बीकर पण कशाला हवा, मे महिन्यातली नागपूरची दुपार धरा, एसी बंद, लॅबमध्ये ३६ डिग्री. तिथे ८.० ला बसवलेला ट्रिस २५ डिग्रीला ८.३ होतो आणि कोल्ड रूममध्ये ४ डिग्रीला ८.९! प्रोटीन शुद्ध करणारे कोल्ड रूममध्ये बसतात आणि बफर बाहेर करतात, त्यांच्यासाठी हे खास.

इथे एक गैरसमज फार आहे, मीटरला टेंपरेचर प्रोब आहे म्हणजे तो सगळं करेक्ट करतो. नाही करत. तो फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप त्या टेंपरेचरला जुळवतो, म्हणजे आत्ता या क्षणी बीकरमध्ये जो पीएच आहे तो बरोबर सांगतो. २५ ला किती असेल, फ्रीजमध्ये किती होईल, त्याला काही घेणंदेणं नाही. ४ डिग्रीला वापरायचा असेल तर ४ डिग्रीलाच पीएच सेट करा नाहीतर ०.०२८ चा हिशोब आधीच लावा.

मिसळामिसळीतल्या दोन तीन गोष्टी पटकन. फॉस्फेटमध्ये कॅल्शियम मॅग्नेशियम घातलं की पांढरा गाळ बसतो, आणि ऑटोक्लेव्ह केलं तर अजूनच, म्हणून ते वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर घालतात. एसडीएस (प्रोटीनच्या कामात लागणारा साबणासारखा पदार्थ) वापरणार असाल तर पोटॅशियमची फॉस्फेट नकोत, पोटॅशियमचं एसडीएस खाली बसतं, सोडियमचीच घ्या.

ठेवायचं कसं. डायबेसिकचा ०.२ मोलर स्टॉक फ्रीजमध्ये ठेवला की तळाशी काचेसारखे खडे येतात, तो खराब नाही झालेला, थंडीत त्याची विद्राव्यताच घसरते. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळे खडे विरघळू द्या आणि हलवून मगच वापरा, वरचं वरचं ओतून घेतलंत तर तुमचा ०.२ मोलर ०.२ राहिला नाही. सोडियम फॉस्फेट बफर फ्रीझरमध्ये टाकताना पण तोच प्रकार, गोठताना डायबेसिक आधी बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच चांगलाच आम्लाकडे जातो, एन्झाइम त्यात ठेवलेलं असेल तर त्याचं वाटोळं. रूम टेंपरेचरला ठेवलं तर बुरशी येते, फॉस्फेट म्हणजे तिच्यासाठी पंगतच, दोन आठवड्यात बाटलीत कापसासारखं काही तरंगताना दिसलं की सरळ ओतून द्या, गाळून वापरायचा मोह नको. ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात काही जण, ते विषारी आहे आणि अ‍ॅसिडबरोबर आणखी वाईट, त्यामुळे घातलं असेल तर बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि बाटलीवर नुसतं "फॉस्फेट बफर ७.४" नको. मोलॅरिटी, पीएच, किती डिग्रीला मोजला, सोडियम का पोटॅशियम, तारीख आणि तुमची आद्याक्षरं. आमच्या फ्रीजमध्ये "बफर, नवीन" असं लिहिलेली एक बाटली मी यायच्या आधीपासून होती आणि मी निघाले तेव्हाही होती.